सुरक्षित, पण कुठे?

"ताई, ओव्या टाइप करणाऱ्या बाईंची तक्रार मिटवली. सेव्ह आता अडत नाही," अमोल म्हणाला.

"आधी का अडत होतं?"

"विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नव्हतं. पायथॉनने सीपी१२५२ धरलं, त्यात देवनागरी बसत नाही. चूक टर्मिनलवर छापली जायची, पण बाईंसमोर टर्मिनल कुठलं? टीकेइंटरची खिडकी जशीच्या तशी. त्या बटण दाबून निश्चिंत घरी जायच्या. आता यूटीएफ-८ घातलंय."

"आणि आधीची फाइल?"

"रिकामी झाली. 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडताक्षणीच जुना मजकूर पुसला जातो, लिहिणं नंतर. म्हणून आता शेजारी तात्पुरती फाइल लिहितो, ती पूर्ण झाली की ओएस.रिप्लेसने जुनीच्या जागी ठेवतो."

"हे चांगलं केलंस. एन्कोडिंग न बदलता नुसतं एरर्समध्ये 'रिप्लेस' टाकलं असतंस तर चूकही दिसली नसती. 'पाणी'ची चार प्रश्नचिन्हं, वर 'सेव्ह झालं'."

"तेवढं कळतं मला. पण बाई फाइल पेन ड्राइव्हवर ठेवतात; तो काढलेला असला तर मी मजकूर गुपचूप संगणकावरच ठेवतो. बाईंना काही सांगत नाही."

"का?"

"आठवून आठवून लिहितात त्या. मध्येच चौकट उघडली की पुढची ओळ जाते. शिवाय रोज येणारी चौकट कोण वाचतं? 'ओके' दाबून मोकळे होतात."

अमोलचं हे म्हणणं मला खरं वाटतं. इशाऱ्यांचा भडिमार करणारा प्रोग्राम माणसाला न वाचण्याची सवय लावतो. पण ताईंचा प्रश्न त्याहून अवघड होता.

"उद्या त्या पेन ड्राइव्ह घेऊन छापखान्यात जातील. तिथे जुनीच प्रत निघेल. मजकूर सुरक्षित आहे आणि त्यांच्यापुरता हरवलेलाही आहे. तू शब्द राखलेस, पण ते कुठे आहेत हे स्वतःपाशीच ठेवलंस."

"मग चौकट आणू?"

"चौकट नको. खिडकीच्या तळाशी पट्टी ठेव, ती टाइप करताना आड येत नाही. आणि मजकूर बदलल्याची जी खूण टेक्स्टच्या एडिट_मॉडिफाइडमध्ये असते, ती खूण फाइल बाईंनी निवडलेल्या जागी पोचल्यावरच उतरव. दुसरीकडे ठेवलंस तर ती तशीच राहू दे."

"पट्टीवर 'सेव्ह झालं नाही' लिहू?"

"तेही अर्धंच खरं. लिही: 'पेन ड्राइव्ह सापडला नाही. मजकूर या संगणकावर ओव्या फोल्डरमध्ये ठेवला आहे.'"

"आणि त्या खिडकी बंद करायला लागल्या, तर अडवू?"

"एकदा विचार. तरीही बंद केली तर होऊ दे. ओव्या त्यांनी गोळा केल्यात, कुठे न्यायच्या ते त्याच ठरवतील."