ओळंबा चौकटीत हवा

फोनवर इमारतीचा फोटो वर निमुळता आला की आपण स्लायडर सरकवतो आणि भिंती ताठ होतात. माझी हरकत इथेच आहे. भिंत कॅमेरा वर उचलल्यामुळे कलली, की खरंच कलली आहे, हे स्लायडरला कळत नाही.

निकॉनने १९६२ मध्ये ३५ एमएमची पीसी-निक्कोर आणली. तिच्यात कॅमेरा ताठ ठेवून फक्त लेन्स वर सरकवायची, जास्तीत जास्त ११ मिलिमीटर. उजेड आधी मोजायचा, सरकवल्यावर मीटर फसतो. आमच्या जालन्याच्या धुळीने सरकपट्टी खरखरते. ती मऊ ब्रशने झाडायची. तेल मात्र नको, ते काचेकडे झिरपतं.

ही लेन्स भिंत सुधारत नाही. फिल्म ओळंब्यात असेल तर सरळ भिंत सरळ येते, बाजूला कललेली कललेलीच.

जुना वाडा पाडायचा की डागडुजी करायची, असा वाद असला की कॅमेरा किंचित तिरका धरूनही निकाल फिरवता येतो. म्हणून मी चौकटीतच गवंड्याचा ओळंबा लटकवतो. मालकाला भिंत जरा सरळ हवी असते, जागा हवी असणाऱ्याला जरा वाकडी. दोरीने फोटो बिघडला, असं दोघेही म्हणतात.