अतिथीचा धर्म आणि यजमानाचा नकार

धर्मप्रसारकांच्या प्रवासाविषयी जे विपुल वाङ्मय उपलब्ध आहे ते जवळजवळ सगळे नौकेतून लिहिलेले आहे. किनाऱ्यावरून लिहिलेले फार थोडे. पॅसिफिक महासागरातील बेटांच्या संदर्भात हे विशेषत्वाने जाणवते. जॉन विल्यम्सने १८२७ मध्ये रारोटोंगा बेटावर स्वतःच एक जहाज बांधले, त्याला 'शांतीचा दूत' अशा अर्थाचे नाव दिले आणि बेटांमागून बेटे पालथी घातली. १८३९ मध्ये एरोमांगाच्या किनाऱ्यावर तो मारला गेला. त्याच्या आणि त्याच्यानंतरच्या प्रवाशांच्या रोजनिश्या, अहवाल, चरित्रे यांत एकच कथनाकृती पुनःपुन्हा आढळते. क्षितिजावर बेट दिसते, किनाऱ्यावर माणसे गोळा होतात, ती धनुष्ये उगारतात किंवा नारळ पुढे करतात, आणि त्यांच्या मनात काय असावे याचा तर्क प्रवासी करीत राहतो. हा तर्क म्हणजेच या वाङ्मयाचा गाभा होय. किनाऱ्यावरील माणसांचे म्हणणे त्यात येते ते तर्काच्या रूपाने.

बोलावणे नसताना सत्य घेऊन दुसऱ्याच्या दारी जाणाऱ्याचे नैतिक स्थान कोणते, हा प्रश्न सामान्यतः दोन अंगांनी चर्चिला जातो. त्याचे सत्य खरे आहे काय, हे एक अंग. त्याच्या पाठीशी साम्राज्याची सत्ता होती काय, हे दुसरे. एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम'नंतर (१९७८) दुसऱ्या अंगाची चर्चा आपल्याकडेही पुष्कळ झाली आणि ती आवश्यकच होती. परंतु दोन्ही चर्चा अखेर प्रवाशाभोवतीच फिरतात. ज्याच्या दारी तो जातो त्याला 'नको' म्हणता येते काय, आणि म्हटल्यास त्याची किंमत कोण मोजतो, असे विचारले की निराळीच सामग्री पुढे येते.

नुकापू या लहानशा बेटावर २० सप्टेंबर १८७१ रोजी बिशप जॉन कोलरिज पॅटेसन मारला गेला. तो सामान्य प्रवासी नव्हता. मेलानेशियातील वीसहून अधिक भाषा त्याला अवगत होत्या आणि बेटावर एकट्याने, शस्त्राशिवाय उतरण्याचा त्याचा परिपाठ होता. त्याच काळात क्वीन्सलंड आणि फिजी येथील मळ्यांसाठी मजूर पळवून नेणारी जहाजे याच समुद्रात फिरत होती. त्यांतील काहींनी मिशनच्या जहाजाची बतावणी करून माणसे फसवून नेल्याचे समकालीन उल्लेख आहेत. पॅटेसनचे शव एका होडीत घालून बेटावरील लोकांनी ते मिशनच्या जहाजाकडे पाठविले. शवावर ताडवर्गीय झाडाची एक झावळी होती आणि तिला पाच गाठी मारलेल्या होत्या. पळवून नेलेल्या पाच माणसांचा हा सूड, असा तिचा अर्थ मिशनच्या लोकांनी लावला. पुढील संशोधकांनी हा अर्थ निःशंकपणे स्वीकारलेला नाही.

समीक्षेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावयास हवे. नुकापूच्या बाजूने सिद्ध झालेली एकमेव संहिता म्हणजे ही झावळी. तिची चिन्हव्यवस्था ज्यांची होती त्यांना तिचा अर्थ कोणी विचारला नाही. ज्यांच्याकडे ती पाठविली गेली त्यांनी तो आपल्या कथनात बसवून घेतला. लावलेला अर्थ उदार होता, हे मान्य केले पाहिजे. त्यात दोष बेटवासीयांवर न येता मजुरांच्या व्यापाऱ्यांवर आला, आणि १८७२ मध्ये या व्यापाराला आळा घालणारा कायदा ब्रिटिश संसदेने केला त्याला या मृत्यूची पार्श्वभूमी होती. मात्र १८७१ संपण्यापूर्वीच 'रोझारिओ' या ब्रिटिश युद्धनौकेने नुकापूवर तोफा डागल्या होत्या. एकाच झावळीची अशी दोन उत्तरे गेली, आणि नुकापूचे लोक दोन्हींच्या बाहेरच राहिले. पॅटेसनचा हेतू निर्मळ होता याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला हेतू दिसत नाही, शीड दिसते. आणि त्याच समुद्रातून त्याच आकाराचे शीड माणसे पळवावयासही येत होते.

झाक देरिदा यांनी १९९० नंतरच्या लेखनात आतिथ्याची जी मीमांसा केली ती प्रामुख्याने यजमानाला उद्देशून आहे: अनोळखी माणसाला नाव-गाव न विचारता घरात घेता येईल काय? भारतीय परंपरेनेही यजमानाचे कर्तव्य अत्यंत तपशिलाने सांगितले आहे. पण येणाऱ्याचा धर्म कोणता, याचा विचार भारतीय परंपरेत संन्याशाच्या आणि भिक्षूच्या नियमांत आढळतो, आणि तो मोठा मार्मिक आहे. घरातील धूर विरला, मुसळाचा आवाज थांबला, निखारे विझले, घरच्यांची जेवणे उरकली, म्हणजे मगच यतीने भिक्षेला जावे, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. ज्या ग्रंथाने शूद्रांना आणि स्त्रियांना नकाराचा अधिकारच ठेवला नाही त्याच ग्रंथात हा नियम असावा, ही विसंगती नोंदवून पुढे जावे लागते. नियमाचा अर्थ मात्र स्पष्ट आहे. येणाऱ्याने अशा वेळी यावे की घरच्याला 'आता काही उरले नाही' असे खोटे न बोलता म्हणता यावे.

बौद्ध विनयातील वर्षावासाचा नियम याहून बोलका आहे. पावसाळ्यातही भिक्षू हिंडतात, हिरवे कोंब तुडवितात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनी कुरकूर केली आणि तीवरून पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा दंडक घालून दिला गेला, असे विनयपिटक सांगते. बहुजनांच्या हितासाठी फिरा, असे ज्यांना सांगितले होते त्यांनाच थांबावयास सांगण्यात आले, आणि तेही शेताच्या धन्याचे गाऱ्हाणे ऐकून. प्रवाशाच्या हेतूचा निवाडा न करता त्याच्या पावलांचा निवाडा करणारी ही दृष्टी होय. पॅसिफिकच्या इतिहासात तिची आठवण होते, कारण तेथे जहाजांबरोबर रोगही उतरले. एरोमांगावरच १८६१ मध्ये गोवराच्या साथीचे कारण मानून गॉर्डन या मिशनरी दांपत्याला ठार करण्यात आले. उपदेश करावयास आलेल्यांना आपण आणखी काय घेऊन आलो आहोत याची कल्पना नसते.

ताडकळससारख्या गावातून, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल आत, पूर्णा तालुक्याच्या काळ्या मातीत उभे राहून हा प्रश्न पाहिला तर तो परका वाटू नये. येणाऱ्यांची या मुलखाला सवय आहे. पहाटेचा वासुदेव येतो आणि दान घेऊन पुढच्या दाराशी जातो. गोसावी येतो, कीर्तनकार येतो. श्रीचक्रधरांचे गोदावरीकाठचे भ्रमण 'लीळाचरित्रा'त गावोगावच्या नावांनिशी नोंदलेले आहे आणि त्या भ्रमणाचा आधार भिक्षा हाच होता. भिक्षा मागणारा यजमानाच्या मर्जीवर असतो. त्याला नाकारणे हे गावाच्या हाती असते. महानुभावांच्या आचारधर्मात शिष्यांना महाराष्ट्रातच राहण्याची, कानडी आणि तेलंगी मुलखात न जाण्याची आज्ञा आहे. तिची कारणे सांप्रदायिक आहेत हे खरे, तथापि तिचा एक परिणाम असा की ज्याच्याशी बोलावयाचे त्याची भाषा ही प्रवासाची मर्यादा झाली. म्हाताऱ्या बायांना कळणार नाही म्हणून संस्कृतात लिहिण्यास नागदेवाचार्यांनी हरकत घेतली, ही 'स्मृतिस्थळा'तील आठवण याच विचाराच्या कुळातील.

पण भिक्षेचे हे चित्र फार रम्य करू नये. नाकारण्याचा अधिकार गावात सर्वांना होता, असे कोण म्हणेल? मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्यास ठाण मांडले आणि जवळच बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. तिच्यासाठी जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली होती. ब्राह्मण कुळातून १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेल्या या माणसाकडे आले ते प्रामुख्याने महार आणि मांग. वेठ, शिळे अन्न आणि पाणवठ्यावरील बंदी यांना 'नको' म्हणण्याची सोय त्यांना गावाने कधी दिली नव्हती. त्यांच्या दृष्टीने बाहेरून आलेला माणूस हीच नकाराची पहिली संधी होती. 'पोटासाठी बाटले' हा शेरा ज्यांनी मारला त्यांना पोटाची सक्ती दिसली, गावाची दिसली नाही. बेटांवरील मिशनच्या चिकित्सेतून तयार झालेला निकष मराठवाड्यात आणताना तो असा उलटा फिरतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

नारायण शेषाद्रींच्याच घरात या प्रश्नाची दुसरी बाजू उघडी पडली होती. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वयाने पोरच, मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडील न्यायालयात गेले आणि १८४३ मध्ये मुलगा त्यांच्या स्वाधीन झाला. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणसमाजात वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहून रोष ओढवून घेतला. मिशनरी, बाप, न्यायाधीश, शास्त्री अशा सर्वांची मते या प्रकरणात नोंदली गेली. ज्याच्यावरून हे घडले त्या मुलाचे म्हणणे मात्र इतरांच्या युक्तिवादांत विरून जाते. नुकापूची झावळी येथे मनुष्यरूपाने भेटते.

विसाव्या शतकात जहाजाच्या जोडीला लहान विमान आले. न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात मिशनसाठी उड्डाणे करणारी संस्था १९५१ पासून काम करीत आहे. होडी कोणत्याही किनाऱ्याला लागू शकते. चाकांच्या विमानाला मात्र आधी धावपट्टी लागते. तेथील अनेक धावपट्ट्या गावकऱ्यांनी झाडे तोडून, माती सारखी करून, हातांनी घडविल्या. तेव्हा येथे निमंत्रण अक्षरशः जमिनीवर उमटलेले असते, असे म्हणता येईल. परंतु प्रवचन करणारा ज्या विमानाने येतो त्याच विमानाने अडलेली बाळंतीण दवाखान्यात जाते, औषध येते, कॉफीची पोती बाजाराला जातात. उपदेश नाकारण्याचा अधिकार कागदावर अबाधित राहतो आणि त्याची किंमत वाढत जाते. यात कोणाचे कपट असते असे नाही; दुर्गम जागी एकच वाट असली की तिच्यावरून येणारे सगळे एकमेकांत गुंतते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण अंदमानातील उत्तर सेंटिनेल बेटावर कायदा मोडून, मच्छिमारांना पैसे देऊन गेला. एक बाण हातातील बायबलला लागला असे त्यानेच रोजनिशीत लिहिले, आणि तो पुन्हा गेला. नुकापूच्या गाठींचा अर्थ संदिग्ध होता. या बाणाचा नव्हता. तरीही तो वाचला गेला नाही, कारण प्रवाशाच्या कथनात नकाराला 'अद्याप न झालेला स्वीकार' एवढेच स्थान होते. सत्याविषयी निःशंक असणे हा दोष नव्हे. 'नको' या शब्दाला अर्थच उरणार नाही असे कथन रचणे, हा दोष होय.

याच्या उलट टोकाला असलेली संहिता मराठीत आहे, आणि तिचा या दृष्टीने विचार व्हावयास हवा. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात नारायण वामन टिळकांना एक अनोळखी युरोपियन भेटला. त्याने संभाषण केले, 'नवा करार' दिला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले आणि तो उतरून गेला. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. डब्यातील माणूस कोण होता याचा पत्ता लागला नाही. येऊन जाणाऱ्या प्रवाशाचे इतके शुद्ध उदाहरण पॅसिफिकमध्येही सापडणार नाही. पुस्तक दिले आणि माणूस गेला. मागे जे झाले ते लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले.

'स्मृतिचित्रे' हे मागे राहिलेल्याचे लेखन आहे. पती धर्मांतर करून गेलेला, पदरात लहान मूल, सासर-माहेरची माणसे वेगवेगळ्या दिशांना ओढणारी, अशी काही वर्षे लक्ष्मीबाईंनी काढली. पुढे त्या टिळकांकडे राहावयास गेल्या त्याही आपले सोवळे सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही, याचे श्रेय टिळकांना दिलेच पाहिजे. जातिभेद ही माणसाची करणी आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने, पाण्याच्या आणि स्वयंपाकाच्या रोजच्या अडचणींतून येतात, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतात. या पुस्तकाचे मोठेपण विनोदात आणि भाषेच्या सहजतेत आहे, असे समीक्षक सांगत आले. ते खरेच आहे. परंतु त्या विनोदाचे कार्य काय, हे पाहावे. ज्याच्या श्रद्धेमुळे आपले घर उधळले त्याच्या विक्षिप्तपणावर ही स्त्री हसते, आणि त्या हसण्यात तिचा नकार शाबूत राहतो. स्वीकारानंतरही तो राहतो. ती टिळकांच्या कथनातील पात्र होत नाही. टिळक तिच्या कथनातील पात्र होतात.

टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनचे वेतन सोडले, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही तेथे जागा असावी अशी त्यांची कल्पना होती. ज्या मिशनच्या साधनांवर त्यांचा प्रवास चालत होता ती साधने बाजूला ठेवून ते पुन्हा भिक्षेच्या जुन्या वाटेवर आले. त्यानंतर त्यांना दोनच वर्षे मिळाली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

जालन्याच्या बेथेलमध्ये ज्या मांग-महार कुटुंबांनी पहिली घरे बांधली त्यांच्यापैकी कोणाच्या हातचे 'स्मृतिचित्रे' मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदलेले नाही. त्यांच्याविषयीचे लेखन आहे ते मिशनच्या अहवालांत, इंग्रजीत, वर्गणी देणाऱ्या दूरच्या वाचकांसाठी केलेले. बाबा पदमनजींपासून टिळकांपर्यंत मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा जो अभ्यास झाला तो लिहिणाऱ्यांचा झाला, आणि लिहिणारे बहुतांशी वरच्या जातींतून आलेले होते. बेथेलचे लोक गावाला काय म्हणाले, शेषाद्रींना काय म्हणाले आणि कशाला 'नको' म्हणाले, हे शोधावयाचे तर ओव्या, गाणी, आडनावे आणि कबरस्तानातील दगड येथपर्यंत जावे लागेल.