दार, दुकान आणि कर्ज

लॉस एंजेलिसमध्ये थर्ड स्ट्रीटचा एक छोटासा पट्टा आहे, अलेक्झांड्रिया ॲव्हेन्यूपासून न्यू हॅम्पशायर ॲव्हेन्यूपर्यंतचा. बंगाली पाट्यांची किराणा दुकानं, हलाल मटण, माशाच्या कालवणाच्या खानावळी. आजूबाजूला सगळं कोरियाटाऊन. २००८ साली इथल्या बांगलादेशींनी महापालिकेकडे अर्ज केला की आमच्या भागाला ‘लिटल बांगलादेश’ म्हणा. कोरियनांनी हरकत घेतली. २०१० मध्ये तडजोड होऊन हा पट्टा आखून मिळाला. पुढे बांगलादेशींनी स्वतःचं नेबरहुड कौन्सिल मागितलं. हे कौन्सिल म्हणजे सल्ला देणारी स्थानिक समिती, अधिकार बेताचेच. पण त्यासाठी कोरियाटाऊनच्या कौन्सिलचा मोठा भाग वेगळा काढावा लागणार होता. जून २०१८ मध्ये मतदान झालं. एकोणीस हजारांच्या आसपास मतं पडली आणि त्यांतली अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त विरोधात गेली. बांगलादेशींच्या बाजूने जेमतेम तीनशे.

एवढी मतं मतपेटीपर्यंत आणायची तर मागे चर्च लागतात, वर्तमानपत्रं लागतात, बँका लागतात, दुकानदारांच्या संघटना लागतात. कोरियनांकडे हे सगळं होतं. गंमत पाहा, कोरियाटाऊनमध्ये राहणाऱ्यांत जवळपास निम्मे लोक लॅटिनो आहेत, बहुतेक मेक्सिको-मध्य अमेरिकेतले. कोरियनांचं तिथलं बळ डोक्यांच्या संख्येत नाही, मालकीत आहे.

अमेरिकेतल्या या दोन समाजांची तुलना सहसा उत्पन्नाच्या आकड्यांनी सुरू होते आणि तिथेच संपते. प्यू रिसर्च सेंटरने २०१९ च्या माहितीवरून काढलेले आकडे असे: कोरियन कुटुंबाचं मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे ७२ हजार डॉलर, बांगलादेशी कुटुंबाचं ६० हजारांच्या आतबाहेर. गरिबीचं प्रमाण कोरियनांत ११ टक्के, बांगलादेशींत १९. यावरून लगेच निष्कर्ष निघतो की कोरियन मेहनती, शिस्तीचे, शिक्षणाची कदर करणारे. बांगलादेशी जरा मागे पडणारे. आपल्याकडच्या दिवाणखान्यांतही हे वाक्य सहज ऐकू येतं. मला ते चुकीचं वाटतं, आणि अन्यायाचंही. एखादा समाज परदेशात कुठवर पोचतो हे त्याच्या स्वभावापेक्षा तीन गोष्टींवर जास्त ठरतं. तो कोणत्या कायद्याच्या दारातून आत आला, कोणत्या साली आला आणि आल्यावर त्याला कर्ज कोणी, कशासाठी दिलं.

कोरियनांसाठी दार उघडलं १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. त्याने देशवार कोटा मोडून कुशल व्यावसायिक आणि जवळचे नातेवाईक यांना प्राधान्य दिलं. तेव्हाचा दक्षिण कोरिया युद्धातून उठलेला, लष्करी राजवटीतला गरीब देश होता, पण त्याने विद्यापीठांतून पदवीधर मात्र भराभर तयार केले होते. पदवी आहे, शहरी मध्यमवर्गीय घर आहे आणि मायदेशी जागा नाही, असे लोक निघाले. अमेरिकेत इंग्रजी आडवं आलं. सोलच्या पदवीवर न्यूयॉर्कच्या कचेरीत कोणी उभं करेना. तेव्हा हे पदवीधर दुकानाकडे वळले. सुरुवातीला केसांचे टोप विकले, कारण त्या काळात दक्षिण कोरियाच्या निर्यातीत टोपांचा वाटा फार मोठा होता आणि माल ओळखीतून मिळत होता. मग भाजी आली.

न्यूयॉर्कमध्ये भाजीची दुकानं तोवर ज्यू आणि इटालियन म्हाताऱ्यांची होती. त्यांची मुलं वकील-डॉक्टर झाली होती, गल्ल्यावर बसायला कोणी नव्हतं. दुकानं स्वस्तात निघाली आणि कोरियनांनी ती घेतली. ब्राँक्समधल्या हंट्स पॉइंटच्या घाऊक बाजारात मध्यरात्री जायचं, पेट्या निवडून गाडीत भरायच्या आणि उजाडायच्या आत दुकानात आणायच्या. मग बायकोने पालेभाजी धुऊन, पिवळी पानं खुडून मांडायची. शाळेतून आलेल्या मुलाने गल्ल्यावर बसायचं. घरच्या या श्रमांना पगार नव्हता, म्हणून दुकान चालत होतं. भांडवलाला ‘ग्ये’ होती, म्हणजे आपली भिशीच. ओळखीची माणसं दरमहा ठरलेली रक्कम टाकतात आणि पाळीपाळीने एकेकजण सगळा गल्ला उचलतो. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोरियन भाजीविक्रेत्यांनी आपली संघटनाही उभी केली. क्वीन्स कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ प्याँग गॅप मिन यांनी या दुकानदारांवर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांच्या लेखनातून दिसतं की बाहेरच्या जगाशी झालेल्या झगड्यांनीही ही एकजूट घट्ट केली. झगडे होते घाऊक व्यापाऱ्यांशी, घरमालकांशी आणि गिऱ्हाइकांशीही.

गिऱ्हाइकांशी झालेला झगडा महाग पडला. कोरियन दुकानं बरीचशी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत होती, कारण भाडं तिथेच परवडत होतं आणि मोठ्या साखळी दुकानांनी त्या वस्त्या सोडल्या होत्या. १९९० मध्ये ब्रुकलिनच्या चर्च ॲव्हेन्यूवर कोरियन दुकानावरचा बहिष्कार महिनोन्महिने चालला. एप्रिल १९९२ मध्ये लॉस एंजेलिस दंगलीत पेटलं. दोन हजारांहून जास्त कोरियन दुकानांचं नुकसान झालं, अंदाजे ४० कोटी डॉलरचं. विमा उतरवलेल्या अनेकांना तेव्हा कळलं की आपली विमा कंपनी परवान्याशिवाय धंदा करत होती. कोरियन यशोगाथा सांगणारे हे पान घाईघाईने उलटतात.

तरीही हा समाज सावरला, कारण दुकान ही विकता येणारी गोष्ट होती. बसवलेला धंदा गिऱ्हाइकांसकट पुढच्याला विकायचा, त्या पैशात उपनगरात घर घ्यायचं, मुलांना चांगल्या शाळेत घालायचं. कोरियनांच्या स्वतःच्या बँकाही झाल्या होत्या. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हानमी बँक सुरू झाली, अशा आणखीही बँका निघाल्या आणि त्यांतल्या काहींच्या विलीनीकरणांतून २०१६ मध्ये बँक ऑफ होप उभी राहिली. अर्जदाराशी त्याच्या भाषेत बोलणारा आणि त्याच्या धंद्याची नाडी ओळखणारा अधिकारी समोर असला की कर्जाचं गणितच बदलतं. दुकानदारांची मुलं दुकानात आली नाहीत, आणि आईबापांना तेच हवं होतं.

आता बांगलादेशींकडे येऊ. न्यूयॉर्कमधला त्यांचा पहिला धागा बोटींवरचा आहे. ब्रिटिश काळात कलकत्त्याहून सुटणाऱ्या जहाजांच्या इंजिनखोलीत सिल्हेटचे लोक कोळसा ओढत, आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांच्या डेकवर आपल्या रत्नागिरीकडचे खलाशी असत. त्या सिल्हेटींपैकी काहीजण न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरून शहरात मिसळले, हार्लेममध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन कुटुंबांत लग्नं करून राहिले. विवेक बाल्ड यांनी ‘बेंगॉली हार्लेम’ या पुस्तकात हा विसरलेला इतिहास खणून काढला आहे. मॅनहॅटनच्या सहाव्या रस्त्यावर ‘इंडियन’ म्हणवणाऱ्या खानावळींत जेवलेल्या मराठी पाहुण्यांपुढे ताट ठेवणारा हात बहुतेक वेळा बांगलादेशीच होता.

पण आजचा समाज प्रामुख्याने उभा राहिला तो १९९० नंतर. त्या वर्षीच्या कायद्याने डायव्हर्सिटी व्हिसा आणला, म्हणजे ज्या देशांतून कमी लोक येतात त्यांच्यासाठी सोडत. बारावीपर्यंतचं शिक्षण किंवा दोन वर्षांचा कामाचा अनुभव एवढी अट, बाकी नशीब. नोआखाली, सिल्हेट, संद्वीप, ढाका, सगळीकडून अर्ज गेले. ज्याला सोडत लागली तो कारकून असेल, मास्तर असेल, पदवीधर असेल. त्याच्यासाठी अमेरिकेत नोकरी ठरलेली नव्हती आणि आधी आलेला सधन नातलगही बहुतेकांना नव्हता. शिवाय १९९० च्या दशकातलं न्यूयॉर्क १९७० च्या दशकातलं राहिलं नव्हतं. दुकानांची भाडी वाढली होती, साखळी दुकानं परतली होती आणि गल्ला सोडून जाणारी म्हातारी पिढी केव्हाच निघून गेली होती.

मग टॅक्सी. इंग्रजी जेमतेम चालतं, परवाना लवकर मिळतो, रोज रात्री रोख हातात येते. पाहता पाहता न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीचालकांत जन्मदेशानुसार सर्वांत मोठा गट बांगलादेशींचा झाला, जवळजवळ चौथा हिस्सा. या टॅक्सीच्या बॉनेटवर एक छोटा पत्रा ठोकलेला असतो. त्याला मेडलियन म्हणतात. त्याशिवाय पिवळी टॅक्सी चालवता येत नाही. १९३७ पासून त्यांची संख्या कायद्याने बांधलेली आहे. दुसऱ्याची टॅक्सी पाळीने भाड्यावर चालवणाऱ्याचं स्वप्न एकच, आपलं स्वतःचं मेडलियन. २००२ मध्ये ते सुमारे दोन लाख डॉलरला होतं. २०१४ मध्ये किंमत दहा लाखांवर गेली. शहराने स्वतः लिलाव केले, उत्तम गुंतवणूक म्हणून जाहिराती केल्या. कर्ज देणाऱ्या संस्थांनी चालकाची कमाई न पाहता कर्जं दिली. अनेक कर्जांत हप्त्यात नुसतं व्याजच जायचं, मुद्दल तसंच राहायचं. किंमत वाढली की त्याच मेडलियनवर आणखी कर्ज, त्यातून मुलीचं कॉलेज, गावाकडचं घर. २०११ मध्ये उबर शहरात आली. २०१८ पर्यंत मेडलियन दोन लाखांच्याही खाली घसरलं आणि त्या वर्षी कर्जात बुडालेल्या चालकांच्या आत्महत्यांनी शहर हादरलं.

कोरियन दुकानदारानेही कर्ज काढलं होतं आणि बांगलादेशी चालकानेही. दोघांची मेहनत मोजायला बसलं तर कोणाची कमी भरेल? दुकानदाराने जे विकत घेतलं त्याची किंमत त्याच्या कष्टाने वाढत होती. चालकाने जे विकत घेतलं त्याची किंमत सट्ट्याने वाढवलेली होती, आणि ज्या शहराने ती वाढू दिली त्याच शहराने पुढे हजारो ॲपच्या गाड्या मोकळ्या सोडल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्सच्या चालकांनी भैरवी देसाई यांच्या नेतृत्वाखाली सिटी हॉलबाहेर उपोषण केलं. पंधराव्या दिवशी शहराने हमी देऊन कर्जं एक लाख सत्तर हजार डॉलरपर्यंत खाली आणायचं मान्य केलं. पण वीस वर्षं स्टिअरिंगमागे घालवलेल्या माणसाला त्यातून संपत्ती मिळाली नाही. डोक्यावरचं ओझं सोसण्याजोगं झालं, इतकंच.

उत्पन्नाच्या तक्त्यात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पैशाची दिशा. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या आसपास कोरिया श्रीमंत होऊ लागला आणि तिथून येणारे लोक घटले. येणारे आले ते पैसे घेऊन आले. कोरियनांत ‘किरोगी’ कुटुंबं असतात: वडील सोलमध्ये कमावतात, आई मुलांना घेऊन अमेरिकेत राहते आणि दरमहा पैसे कोरियातून अमेरिकेत येतात. बांगलादेशी घरात नेमकं उलटं चालतं. क्वीन्समधल्या तळघरातल्या खोलीतून आईच्या औषधाला, भावाच्या दुकानाला, बहिणीच्या लग्नाला पैसे जातात. दोन घरांची कमाई अगदी सारखी धरली तरी दहा वर्षांनी एकाकडे घराच्या आगाऊ रकमेचे पैसे असतात आणि दुसऱ्याकडे नसतात. आणि २००२-०३ मध्ये अमेरिकन सरकारने पंचवीस देशांतून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या पुरुषांना सक्तीने नोंदणी करायला लावली, त्यात बांगलादेश होता. दक्षिण कोरिया नव्हता. ज्या वस्तीतल्या पुरुषांना सरकारी कचेरीत जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि कोण परत येईल याची खात्री नसते, त्या वस्तीत धंदा वाढवायचा विचार कोण करतो?

संस्कृतीने सगळं ठरतं म्हणणाऱ्यांनी थोडं बाजूला पाहावं. जपानमधले कोरियन त्याच संस्कृतीचे. वसाहतकाळात मजूर म्हणून गेलेल्यांचं जपानी नागरिकत्व १९५२ मध्ये काढून घेतलं गेलं, सरकारी नोकऱ्या आणि मोठ्या कंपन्यांची दारं बंद राहिली, आणि त्यांना भंगार, खानावळी, पाचिंको हेच धंदे उरले. तिथे त्यांना कोणी ‘आदर्श अल्पसंख्याक’ म्हटलं नाही. उलट लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये बांगलादेशी मुलं बहुसंख्येने शिकतात. १९९७ मध्ये शालेय निकालांत हा भाग इंग्लंडमध्ये अगदी तळाला होता. सरकारने पैसा ओतला, शाळांना चांगलं नेतृत्व मिळालं आणि वीस वर्षांच्या आत त्याच वस्तीतल्या शाळा राष्ट्रीय सरासरीच्या पुढे गेल्या. मुलांची संस्कृती तीच होती.

सरासरीच्या पोटात काय दडतं तेही पाहायला हवं. २०१४ च्या जानेवारीत क्वीन्समधल्या फ्लशिंगच्या एका मॅकडोनाल्डमध्ये वाद पेटला. कोरियन वृद्ध एका कॉफीवर तासन् तास बसून राहतात अशी तक्रार, पोलीस बोलावले गेले, शेवटी आमदार रॉन किम यांनी मध्यस्थी केली. बातमीची लोकांनी मजा घेतली. मला त्यात दिसली ती लहान घरात दिवसभर जागा नसलेली, उपनगरात गेलेल्या मुलांपासून दूर राहिलेली, आयुष्यभर गल्ल्यावर उभी राहिलेली पिढी. ७२ हजारांच्या आकड्यात तीही मोडते.

आता आपल्याविषयी. त्याच प्यूच्या तक्त्यात भारतीय कुटुंबांचं उत्पन्न सर्वांत वर आहे, सुमारे एक लाख एकोणीस हजार डॉलर, आणि आपण ते अभिमानाने सांगतो. पण बांगलादेशींना आणणारी सोडत आणि पुण्या-मुंबईच्या, सांगली-कराडच्या इंजिनिअरांना न्यू जर्सीत नेणारा एच-१बी व्हिसा ही १९९० च्या एकाच कायद्याची दोन कलमं आहेत. एका कलमाने चिठ्ठी काढून माणसं आणली आणि दुसऱ्याने पदवी तपासून, नोकरी हातात देऊन. आपली मुलं हुशार आहेत यात वाद नाही. पण त्यांतल्या अनेकांच्या पदव्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या कॉलेजांतून आल्या आणि त्यांची निवड विमानात बसायच्या आधीच झाली होती. गाळून आणलेल्या समाजाची सरासरी न गाळलेल्याच्या शेजारी ठेवून ‘बघा, आम्ही कसे’ म्हणणं खोटेपणाचं आहे. बांगलादेशींसाठी ती सोडत २०१३ पासून बंद आहे, कारण ठरलेल्या मर्यादेहून जास्त माणसं येऊन गेली.

दिवाळीनंतर मुलांकडे एडिसनला किंवा बे एरियात जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. जॅक्सन हाइट्समध्ये खरेदीला गेलात आणि गाडी चालवणारा बांगलादेशी निघाला, तर त्याच्याशी हिंदीत बोलून पाहा, अनेकांना समजते. कोणत्या साली आलात, कसे आलात, हे विचारा. आणि आपला मुलगा कोणत्या साली, कोणत्या व्हिसावर आला, हेही त्याला सांगा.