त्या चौघांसाठीही



नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृतांच्या आठवणीसाठी राखून ठेवतो. घरच्यांची नावे चिठ्ठीवर लिहून मिस्सेसाठी देतो. त्यांच्याबरोबर आपल्या घरचे नसलेले एक नाव घेऊ या : नाईक यशवंत घाडगे. (अवघा २२ वर्षांचा होता, म्हणून एकेरी लिहितो; त्यात अनादर नाही.)

रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनने त्याच्या तुकडीतले बाकी सगळे मारले किंवा जखमी केले. तो एकटा पुढे धावला. हातबाँब टाकून त्याने ती मशीनगन व ती चालवणारा संपवला, दुसऱ्याला गोळी घातली. बंदूक पुन्हा भरायला वेळ नव्हता, म्हणून ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तोही पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र सापडत नाही. कसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

आपण अशा वेळी ‘शौर्य गाजवले’ एवढेच म्हणतो आणि बंदुकीचा दस्ता गाळतो. आम्हाला वाटते, तो गाळू नये.

तो कोणासाठी लढला, असेही कोणी विचारील. त्याच दिवसांत नेहरू आणि पटेल आपल्या नगरच्या किल्ल्यात इंग्रजांचे बंदिवान होते. पण युद्ध कोणाचे, हा हिशेब सरकारांकडे मागावा, बावीस वर्षांच्या शिपायाकडे नव्हे. देशाच्या रक्षणासाठी प्रामाणिकपणे लढणारा शिपाई शांतीचीच सेवा करतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली सांगितले आहे.

राहिले ते चौघे. त्यांच्याही आया होत्या. त्यांच्यासाठी प्रार्थना केली तर यशवंतचा मान कमी होतो का? ज्या घरी मुलाची पेटी येते, त्या आईपुढे शत्रूचे नाव काढू नये. तिच्याकडून ती अपेक्षा ठेवणे क्रूरपणाचे आहे. पण म्हणूनच ते काम आपल्यासारख्या, ज्यांच्या घरून कोणी गेले नाही, अशांवर येते. तिच्या वाट्याचे आपण करायचे.

इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली यशवंतच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले गेले. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्याचे ब्रीद आहेत.

निमगाव केतकीच्या पानमळ्यांशेजारून पहाटे भरतीसाठी धावणारी आपली पोरे या वाटेवर निघाली आहेत. त्यांना ही गोष्ट दस्त्यासकट सांगा. आणि या रविवारी चिठ्ठीवर यशवंतच्या नावाखाली चार ओळी कोऱ्या सोडा. त्या चौघांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.