मत झाकलेले, मोजणी उघडी

मत गुप्त असावे आणि मोजणी उघड असावी, ही लोकशाहीची दोन व्रते आपण शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकलो. दोन्ही इतकी स्वच्छ वाटतात की ती कधी एकमेकांच्या आड येतील अशी शंकाही मनाला शिवत नाही. परंतु एखाद्या लहान गावाच्या एकाच मतदान केंद्राचा निकाल हाती आला, की ही दोन्ही व्रते समोरासमोर उभी राहतात. मोजणी जितकी बारीक, तितके मतावरचे पांघरूण तोकडे पडते. अशा वेळी कोणते व्रत मोडावे, आणि मोडायचे नसेल तर दोन्ही कशी पाळावीत, हा प्रश्न कायद्याचा आहे तसाच सद्सद्विवेकाचाही आहे. त्याचाच विचार आम्ही येथे करू इच्छितो.

विचार हवेत राहू नये म्हणून आपल्या कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. ७ मे २०२४ रोजी येथे लोकसभेसाठी मतदान झाले. कोल्हापूर मतदारसंघात ७१.५९ टक्के लोकांनी मत दिले. महाराष्ट्रातील ४८ मतदारसंघांत हे प्रमाण सर्वाधिक प्रमाणांपैकी एक ठरले. ४ जूनला रमणमळ्यातील शासकीय गोदामात कोल्हापूरची आणि राजाराम तलावाजवळच्या गोदामात हातकणंगल्याची मोजणी झाली. अशा मोजणीची रीत आता सर्वपरिचित आहे. सकाळी आठ वाजता प्रथम टपाली मते हाती घेतली जातात आणि मग यंत्रे टेबलांवर येतात. जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी कागद-पेन घेऊन बसलेले असतात. एकेक फेरी पुरी होते आणि निवडणूक निर्णय अधिकारी आकडे जाहीर करतात. त्या दिवशी कोल्हापुरात शाहू छत्रपती १,५४,९६४ मतांनी, तर हातकणंगल्यात धैर्यशील माने १३,४२६ मतांनी विजयी झाले.

येथे पहिली मोजणी संपते आणि गुलाल उधळला जातो. पण गुलाल खाली बसण्याच्या आत दुसरी मोजणी सुरू होते. ती तालमीच्या कट्ट्यावर, दूध संस्थेच्या ओसरीवर आणि पक्षांच्या कार्यालयांत चालते. कोणत्या गावाने लीड दिले, कोणती पेठ फिरली, कोणत्या वस्तीने दगा दिला, याचा हिशेब केंद्रनिहाय यादीवर बोट ठेवून मांडला जातो. वृत्तपत्रेही ही गावनिहाय मते छापतात आणि आपणही ती चवीने वाचतो. पहिल्या मोजणीचा प्रश्न 'कोण निवडून आले?' असा असतो. दुसऱ्या मोजणीचा प्रश्न मात्र 'आपले कोण आणि परके कोण?' असा असतो.

केंद्रनिहाय आकडा जन्मतो कसा, हेही नीट समजून घेतले पाहिजे. मतदान संपले की मतदान केंद्राध्यक्ष यंत्र बंद करतो आणि एकूण किती मते नोंदली गेली ते नमुना १७ सी या कागदावर लिहितो. त्याची खरी प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना द्यावी, असा नियम आहे. मोजणीच्या दिवशी यंत्राचा क्रमांक व सील प्रतिनिधींना दाखवले जाते आणि यंत्रातील बेरीज त्या नमुन्याशी ताडून पाहिली जाते. मग प्रत्येक केंद्राचे आकडे नमुना २० या तक्त्यात ओळीने उतरतात. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तेथील व्हीव्हीपॅटच्या कागदी चिठ्ठ्या मोजून यंत्राशी जुळवतात.

या साखळीचे मोल आम्हांला फार मोठे वाटते. लाखांच्या बेरजेपुढे सामान्य माणूस मुका होतो. परंतु 'आमच्या शाळेतल्या केंद्रावर ६१२ मते पडली होती, तुमच्या कागदावर ६२१ कशी?' हा प्रश्न चौथी शिकलेला शेतमजूरही विचारू शकतो. मोठ्या सत्तेला लहान माणसाने जाब विचारावा, यासाठी आकडाही त्याच्या आवाक्यातला लहान असावा लागतो. केंद्रनिहाय मोजणी म्हणजे गरिबाच्या हातातले मापच होय.

पण हेच माप उलट्या बाजूनेही वापरता येते. मतपत्रिकांच्या काळात, जेथे मतदारांवर दडपण येण्याची भीती निवडणूक आयोगाला वाटे, तेथे निरनिराळ्या पेट्यांतील मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. २००४ च्या लोकसभा निवडणुकीपासून देशभर मतदान यंत्रे आली आणि प्रत्येक यंत्र आपापला आकडा वेगळा सांगू लागले. लहान गावात केंद्र एकच असते. तेथे ५८० मतांपैकी ५४० एका बाजूला पडली, तर उरलेली ४० कोणाची, याची कुजबुज त्याच रात्री सुरू होते. गुजरातमध्ये गीरच्या अरण्यात बाणेज येथे अनेक निवडणुकांत एकाच मतदारासाठी स्वतंत्र केंद्र उभारण्यात आले. एका मतासाठी सारे सरकारी पथक जंगलात जाते, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. परंतु अशा केंद्राचा निकाल वेगळा वाचला, तर आकडा आणि माणूस यांत अंतर उरेल काय?

हे भय काल्पनिक नाही. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील एका उमेदवाराने भर सभेत सांगितले, की मतांच्या टक्क्यांनुसार गावांची ए, बी, सी, डी अशी प्रतवारी लावली जाईल आणि कामे त्याच क्रमाने होतील. आयोगाने त्याबद्दल ताकीद दिली. उघड बोलणाऱ्याला ताकीद देता येते; न बोलता यादी खिशात ठेवणाऱ्याला कोण आणि कशी देणार? पाण्याची टाकी आधी कोठे, रस्त्याचे डांबर कोठे थांबेल, हे ठरवताना त्या यादीवर नुसती नजर टाकली तरी पुरते. अशी शिक्षा वस्तीतील सर्वांनाच भोगावी लागते. ज्याने मागितलेले मत दिले होते त्यालाही आणि ज्याने दिले नव्हते त्यालाही. आपल्यासारख्या संख्येने लहान समाजाला हे अधिक कळावे. 'ख्रिस्ती मते' एकगठ्ठा कोठे गेली, हे इतरांनी परस्पर ठरवून टाकावे आणि आपल्यातील वेगळा विचार करणारा माणूस त्या गठ्ठ्यात नाहीसा व्हावा, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

मग उपाय काय? निवडणूक आयोगाने २००८ मध्ये 'टोटलायझर' नावाचे उपकरण सुचवले. चौदा यंत्रे एकत्र जोडून त्यांची एकच बेरीज दाखवावी, म्हणजे कोणत्या केंद्राने काय दिले ते कळणार नाही, अशी ती कल्पना होती. विधी आयोगाने मार्च २०१५ मधील आपल्या २५५ व्या अहवालात तिची शिफारस केली. केंद्र सरकारने ती मान्य केली नाही. जगातही याबाबत एकमत नाही. इंग्लंडमध्ये १८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान आले, आणि तेथे एका पेटीतील मतपत्रिका दुसऱ्या पेटीतील मतपत्रिकांत मिसळल्यावाचून मोजत नाहीत. जमीनदाराच्या आणि मालकाच्या सूडाची धास्ती त्या कायद्यामागे होती. याउलट केनियात प्रत्येक केंद्राचा निकाल तेथल्या तेथे भरून केंद्रावरच लावला जातो. आकडा वाटेत बदलला जाईल, ही तेथील धास्ती. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली, तेव्हा केंद्रांवरील निकालाचे नमुने कसे पाठवले गेले हाच वादाचा एक मुख्य मुद्दा होता. ज्या समाजाला जे भय मोठे, त्याप्रमाणे त्याने एक व्रत थोडे सैल केले. आपल्या घरात मात्र ही दोन्ही भये एकत्र नांदतात.

त्याचे ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्यात घडले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माळशिरस तालुक्यातील मारकडवाडी गावाचा केंद्रनिहाय आकडा अनेक ग्रामस्थांना पटला नाही. त्यांच्या पसंतीचा उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता. तरीही आमच्या गावाने दिलेली मते अशी नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. ३ डिसेंबरला मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन पाहायचे त्यांनी ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि तो बेत सोडून द्यावा लागला. राजकीय वादात कोणाची बाजू खरी, हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु या प्रसंगातून दोन गोष्टी दिसतात. गावाचा आकडा वेगळा कळला म्हणूनच त्या लोकांना प्रश्न विचारता आला. चौदा यंत्रांच्या बेरजेत तो प्रश्नच बुडून गेला असता. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मोजणीवरचा विश्वास उडाला की माणसे आपली गुप्तता स्वतःच्या हातांनी सोडून द्यायला तयार होतात. पण समजा, त्याच गावातील कोणी शांतपणे दुसऱ्या उमेदवाराला मत दिले असेल, तर शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा तेच मत देऊ शकला असता काय? गावाने आपले मत सिद्ध करावे म्हणताना गावातल्या एकट्या माणसाचे काय होते, हे कोणी विचारले नाही.

दोन्ही व्रते एकाच वेळी पाळण्याचा एक जुना प्रयत्न आपल्या ख्रिस्तसभेच्या परिचयाचा आहे. मे २०२५ मध्ये १३३ कार्डिनलांनी पोपमहोदयांची निवड केली. त्या मतदानाचे नियम पाहण्यासारखे आहेत. अक्षर ओळखू येणार नाही अशा रीतीने नाव लिहायचे असते. चिठ्ठ्यांची संख्या मतदारांच्या संख्येशी जुळली नाही, तर एकही न उघडता सर्व जाळून टाकायच्या. जुळली, तर चिठ्ठ्या टाकून निवडलेले तिघे प्रत्येक चिठ्ठी पाहतात, तिसरा ती सर्वांदेखत मोठ्याने वाचतो आणि दोऱ्यात ओवतो. आणखी तिघे ती मोजणी पुन्हा तपासतात. शेवटी सारे अग्नीच्या स्वाधीन होते. जेथे मोजणी चालते तेथे हजर असलेल्या प्रत्येकाला ती पूर्ण उघडी असते, आणि तरीही मत कोणाचे ते कोणाला कळू नये अशी व्यवस्था असते. ही रीत देशाच्या निवडणुकीला जशीच्या तशी लागू पडणार नाही, हे उघड आहे. पण ज्याची शहानिशा करायची तो आकडा, आणि ज्याला हात लावायचा नाही ते अंतःकरण, हा विवेक तिच्यात आहे.

शास्त्रातही मोजण्याच्या कृत्यालाच दोष दिलेला नाही. मोशेने इस्राएलाची गणती केली ती देवाच्या आज्ञेने. दावीद राजाने केली ती मात्र पाप ठरली. मेंढपाळही मेंढरे मोजतो, ते एखादे हरवले आहे काय हे पाहण्यासाठी. मोजणारा तोच, आकडेही तसेच. भेद पडतो तो हेतूने. आपल्या ताब्यात किती माणसे आहेत हे पाहण्यासाठी मोजणे वेगळे आणि प्रत्येकाचा हिशेब चुकता करण्यासाठी मोजणे वेगळे.

म्हणून आमचे मत असे बनले आहे. आज लोकांच्या मनात मोजणीविषयी शंका आहे, ती खरी असो वा खोटी. अशा काळात केंद्राचा आकडा झाकणे योग्य होणार नाही. तसे केल्यास लहान माणसाच्या हातातले माप तेवढे जाईल आणि सूड घेणाऱ्याला दुसरी साधने मिळतीलच. परंतु मतदार अगदी थोडे असतील अशा केंद्राचा निकाल शेजारच्या केंद्रात मिळवून मोजावा, म्हणजे आकड्यावरून माणूस ओळखता येणार नाही. आकडा उघडा ठेवायचा, तर तो वाचणाऱ्यानेही एक बंधन स्वीकारले पाहिजे. मतदानाची गुप्तता राखण्याचे बंधन १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदान व मोजणीच्या कामावरील माणसांवर घातले आहे, आणि भंग करणाऱ्यास शिक्षाही ठेवली आहे. यादी वाचणाऱ्या आपणां सर्वांवर असा कायदा नाही. तो आपण आपल्या मनाला घालून घ्यावा लागेल.

हे बंधन प्रत्यक्षात काय मागते? आपल्या धर्मग्रामांतील अनेक शिक्षक-शिक्षिका निवडणुकीच्या कामावर जातात. रात्री उशिरा, थकलेल्या डोळ्यांनी नमुना १७ सी भरताना तो आकडा नेमका लिहिणे आणि प्रतिनिधीला त्याची प्रत न मागता देणे, हे साधे काम नव्हे. शेकडो माणसांच्या शब्दाला तेथे साक्ष द्यायची असते. जो प्रतिनिधी म्हणून बसतो, त्याने तो कागद जपून ठेवावा आणि मोजणीच्या दिवशी ताडून पाहावा. जो निवडून येतो, त्याने यादी पाहून आपण कोठे कमी पडलो हे खुशाल शोधावे. मात्र टाकी आणि रस्ता यांचा क्रम गरजेवरून लावावा. आणि आपण, जे वर्तमानपत्रातील गावनिहाय मते वाचतो, त्यांनी 'ती चाळीस मते कोणाची?' हा प्रश्न तोंडावर येताच गिळावा. ज्या चाळीस जणांनी गावाहून वेगळे मत दिले, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नळावर पाणी भरायचे असते आणि त्याच संस्थेत दूध घालायचे असते. त्यांना तेथे निर्धास्तपणे उभे राहता यावे, इतकी काळजी आपण घेतली तर पुढच्या निवडणुकीतही त्यांना मनाप्रमाणे मत देता येईल.