रोशा गवत आणि दुखरा गुडघा

‘गुडघ्याला उतार पडतो तो चोळल्यामुळे, रोशाच्या तेलाऐवजी साधे गोडेतेल घेतले असते तरी पडला असता,’ असे रसायनशास्त्र शिकवणारे माझे एक स्नेही नेपानगरच्या बाजारात सहज बोलून गेले, आणि ते वाक्य माझ्या मनात सलत राहिले. ज्या कारखान्यातून १९५६ मध्ये वृत्तपत्री कागद निघू लागला, आणि ज्याच्यासाठी भोवतालच्या रानातील सालई व बांबू यांची दफ्तरी मोजदाद होत गेली, त्याच्या गावात त्याच सालईखाली वाढणाऱ्या गवताची अशी बोळवण व्हावी, हे मला रुचले नाही.

सांधे व कंबर दुखल्यास हे तेल चोळावे, केस विरळ झाल्यास टाळूला लावावे, हे निमाड-खानदेशात कोणाला सांगावयास नको. निघंटूंनीही रोहिष, कत्तृण या नावांनी त्याची कास, शूल आणि कफज्वर यांवर शिफारस केलेली आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो भेद निराळाच : वनस्पतीची ओळख ही एक विद्या, आणि तिने रोग बरा होतो हा दुसरा दावा.

ओळखीची विद्या किती सूक्ष्म होती ते पाहा. या गवताच्या मोतिया आणि सोफिया अशा दोन जाती; रानात उभ्या असता डोळ्यांना जवळजवळ सारख्याच. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर विखुरलेली, सोफिया ओलसर जागी दाट. पण गुलाबाची आठवण देणारे जिरॅनिऑल मोतियात विपुल, सोफियात बरेच कमी. नाल्याकाठी भट्टी लावून, झाकणाची फट मातीने लिंपून, बांबूच्या नळीतून आलेली वाफ वाहत्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात थंड करणारा माणूस कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्यावाचून या दोहोंची गल्लत करीत नसे. तुरा केव्हा कापावा, हेही त्याला ठाऊक होते. हेच तेल एकोणिसाव्या शतकात मुंबईहून तुर्कस्तानला जाई, तेथे लिंबाचा रस मिसळलेल्या पाण्यात घुसळून उन्हात त्याचा रंग उतरवीत, आणि मग ते गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळीत. लबाडी खरी, परंतु पारखी नाकांनाही ती चकवू शकली, यातच निमाडी मालाची प्रत दिसते.

एवढे म्हणून मी स्नेह्यांना निरुत्तर केले, असे मला क्षणभर वाटले. परंतु माझा सारा पुरावा भट्टीवरचा होता, गुडघ्याचा नव्हे. भट्टीवरच्या विद्येची परीक्षा दर हंगामात बाजार घेत होता; चूक झाली की भाव पडे. चोळणाऱ्याच्या दाव्याची अशी परीक्षा कोणी घेतली? पहिल्या विद्येची पत दुसऱ्या दाव्याच्या नावे बिनदिक्कत जमा करणे हा अन्यायच, आणि तापाने फणफणलेल्या मुलाला रक्ततपासणीऐवजी काढ्यावर ठेवणाऱ्या घरात तो घातकही.

म्हणून स्नेह्यांचे म्हणणे मी आता आव्हान म्हणून स्वीकारतो. काही गुडघ्यांना रोशाचे तेल, काही गुडघ्यांना तसाच वास दिलेले गोडेतेल, चोळणारा हात तोच, आणि बाटलीत काय आहे ते त्या हातालाही ठाऊक नसावे. मात्र त्या प्रयोगासाठी गवत निवडून कापण्याचे काम जुन्या भट्टीवाल्याकडेच असावे, आणि त्याची मजुरी तज्ज्ञाच्या दराने चुकती व्हावी.