गुरुवारचा रक्तदाब

रक्तदाब मी गुरुवारी मोजतो. शनिवारी रात्री दोन पेग होतात, कधी अडीच. रविवारी सकाळी दंडाला पट्टा बांधायचं मी टाळतो, कारण आकडा चढलेला असणार हे मला ठाऊक असतं. गुरुवारपर्यंत तो उतरतो, मग वहीत जातो. वही डॉक्टरांना दाखवायची असते ना.

पेगचंही तसंच. 60 मिलिलिटर व्हिस्कीत साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. परवा खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने माझा ग्लास मोजला, तर माझा ‘एक’ नव्वदच्या घरात भरला. वर चखण्याला तळलेला सुका बोंबील आणि खारे दाणे. नायगावला गाडीतून मिठागरं बघत घरी येणाऱ्या माणसाला मिठाचा कसला धाक!

रविवारी पहाटे कधी छातीत फडफडतं. मी त्याला पित्त म्हणतो. सुट्टीतल्या पिण्यानंतर ठोक्यांचा ताल बिघडून आलेल्या रुग्णांची नोंद न्यू जर्सीच्या डॉक्टरांनी 1978 मध्येच केली होती, हे वाचूनही.

आधाराला माझ्याकडे एक वाक्य होतं: थोडी घेतली तर हृदयाला चांगली. 1991 मध्ये फ्रेंचांच्या रेड वाइनचा बोलबाला झाला, तेव्हापासूनचं. मी पितो व्हिस्की, ती गोष्ट वेगळी. पण त्याआधीच, 1988 मध्ये, शेपर या ब्रिटिश संशोधकाने शंका काढली होती की न पिणाऱ्यांत आजारपणामुळे सोडलेलेही मोजले जातात. आमच्या आळीतले काका पीत नाहीत. पूर्वी भरपूर प्यायचे. हृदय फुगून दुबळं झालं तेव्हा सोडली. आता अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभे राहतात. त्यांना ‘न पिणारे’ म्हणून माझ्या शेजारी उभं केलं की मी ठणठणीत! इतकी वर्षं मी त्यांच्याच आजाराच्या जोरावर निरोगी ठरत होतो.

सरकारही माझ्याच वळणाचं. दारूबंदी कायदा 1949 चा, प्यायला परवाना लागतो, आणि परवान्यात कारण काय, तर आरोग्य टिकवणं.

ही सगळी कारणं बाजूला केली तर उरतं एवढंच, की मला प्यायला आवडतं. दुसऱ्या पेगनंतर मी बरा बोलतो, मित्र हसतात. डॉक्टरांसमोर एवढं सांगायला जीभ रेटत नाही; वही पुढे सरकवणं सोपं जातं.